तपासणीत घटलेला पट

धर्मराज गुरुजी आठ वर्षांपासून बिनपगारी मुख्याध्यापक होते. स्वतः ते 'विनाअनुदानित' म्हणत. त्यानं पोट भरत नसलं तरी तोंड भरतं. मंठ्यापासून दोन कोसांवर पत्र्याच्या चार खोल्यांत त्यांची शाळा भरे. संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब दर दिवाळीला "औंदा अनुदान येतंच" असं सांगून फराळाचा पुडा हातावर ठेवत. घर चालायचं ते गुरुजींची बायको नंदाबाई हिच्या शिलाई मशीनवर.

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत कागद आला. गुरुवारी तपासणी. पास झाली तर पगार सुरू, न्हाई तर पुन्हा अर्ज.

"पुन्हा अर्ज केला," नंदाबाईनं शांतपणे सांगितलं, "तर मंग अर्जच वाढीन ताटात."

पटावर लेकरं एकशे साठ होती. वर्ग चार, आणि वर्गाला चाळीस लागतात, असं काकासाहेब म्हणत. त्यांना ते शेजारच्या संस्थेच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं, आणि त्या अध्यक्षांना आणखी कुणी. शाळेत रोज येणारी मात्र चौऱ्याण्णवच. लग्नाला भांडी आणतात तशी तपासणीला लेकरं आणायची आपल्याकडे रीत आहे. भांड्यांवर नाव कोरलेलं असतं, लेकरांवर नसतं, एवढीच सोय. काकासाहेबांनी टेम्पो लावून आसपासच्या वस्त्यांवरून त्रेसष्ट लेकरं ठरवली. तीन कमी पडली. त्या तिघांची नावं दानिएल, रूथ आणि सिलास. ती पटावर होती, शाळेत कधीच नव्हती.

बुधवारी गुरुजी या तिघांच्या आईकडे, मार्थाबाईकडे गेले. मार्थाबाई पूर्वी जालन्याला शिक्षिका होत्या. नवरा शांतवन तिथल्याच एका दवाखान्यात कंपाउंडर, शनिवारी घरी यायचा. मार्थाबाई तिन्ही लेकरांना घरीच शिकवत. सकाळी ओसरीवर बायबलचा उतारा, प्रार्थना, मंग गणित. गावाला त्याचं नवल वाटून केव्हाच संपलं होतं.

"बाई, उद्या एका दिवसासाठी लेकरं पाठवा."

"कशाला?"

"नावं आहेतच की पटावर."

"माझ्या लेकरांची? मला न इचारता?"

गुरुजींनी छपराकडे पाहिलं. छपराला काही म्हणायचं नव्हतं.

"बाई, अनुदानाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच. लेकरं शिकवायचं काम देवानं आईबापाला दिलंय. सरकारचा पैसा आला की सरकारचा लगाम आला."

"लगाम येऊ द्या हो, चारा तर येतो! ज्यांच्या आईबापाला अक्षर येत न्हाई, त्यांनी कुठल्या ओसरीवर बसावं?"

यावर मार्थाबाईंनी मान डोलावली. गुरुजींना हुरूप आला. "अन् तुमचं सोपं आहे. तुमचा जबाब देवापुढं. तो काई तपासणीला येत न्हाई."

"रोज येतो, गुरुजी." त्यांनी गुरुजींच्या सदऱ्याची उसवलेली बाही पाहिली. "पाठवते. नंदाबाईसाठी. पण माझी लेकरं खोटं बोलायची न्हाईत. कुणी इचारलं तर खरं सांगतील."

"लेकरांना कोण इचारतंय!" गुरुजी म्हणाले आणि हलक्या पावलानं घरी गेले.

गुरुवारी टेम्पो आला. शिपाई कचरूनं उसन्या लेकरांना वाटेतच पढवून ठेवलं होतं. साहेब काईबी इचारू द्या, जल्दी हात वर करायचा. रोजच्या लेकरांना पढवायची गरज कुणाला वाटली नाही.

तपासणीचे साहेब बारीक अंगाचे, पान न खाणारे निघाले. तिथंच गुरुजींचा धीर अर्धा झाला. खोल्याखोल्यांतून फिरायचं सोडून त्यांनी सगळी शाळा एकदम लिंबाखाली बसवली. मोजलेली लेकरं मागच्या दारानं पुढच्या वर्गात बसवायचा मार्ग बंद झाला. मोजणी एकशे साठ भरली. काकासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

साहेबांनी पुढच्याच रांगेतल्या रूथला उठवलं. "कोणत्या वर्गात, बाळ?"

"वर्ग न्हाई, साहेब. आम्ही घरी शिकतो."

"मग आज इथं कशी?"

"गुरुजींला लेकरं कमी पडत होती, म्हणून आईनं पाठवलं."

"साहेब, जेवण तयार आहे," काकासाहेब म्हणाले. सकाळचे साडेदहा वाजले होते.

"अशी कमी पडली म्हणून आणखी कोण कोण आलंय?" साहेबांनी सहज विचारलं.

त्रेसष्ट हात वर गेले. जल्दी. त्यांच्यात दानिएल आणि सिलासचेही मिळाले. कचरूनं तोंड फिरवलं. गुरुजींना डोळ्यांपुढं ताटात वाढलेला अर्ज दिसला.

"बारा वर्षं तपासण्या करतोय," साहेब म्हणाले. "माझ्यादेखत पट घटताना पहिल्यांदाच पाहतोय."

रूथला आणि हात वर केलेल्यांना त्यांनी बाजूला काढलं आणि उरलेली पुन्हा मोजली. "चौऱ्याण्णव. लागतात किती?"

"एकशे साठ," काकासाहेब पुटपुटले.

"कोण म्हणालं? चाळीसचा नियम शहराला. खेड्यात वर्गाला वीस, म्हणजे ऐंशी. तुम्हाला पाठवलेल्या कागदाच्या मागच्या पानावर आहे."

काकासाहेबांनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी काकासाहेबांकडे. संस्थेत कागद फाईलला लावायची पद्धत होती, उलटायची नव्हती. आठ वर्षं खोटा पट ठेवून, आणि आज खिशातून डिझेल घालून, दोघांनी मिळून जे आपलंच होतं त्याच्यासाठी लबाडी केली होती.

"खोट्या नावांबद्दल ताकीद लिहितोय," साहेब म्हणाले, "आणि खऱ्यांबद्दल शिफारस. नावं आत्ता, माझ्यासमोर काटा."

गुरुजींनी लाल शाई घेतली. पहिली चार नावं त्यांनी पट्टी लावून, सावकाश काटली. दहाव्या नावापासून अंगातून कुणीतरी दगड उचलून न्यावेत तसं वाटू लागलं. शेवटी तर त्यांना आणखी नावं असती तर बरं, असं झालं.

दुपारी ते तिन्ही लेकरांना पोचवायला गेले. "काटली बाई, तिघांचीबी."

"अन् पगार?"

"शिफारस झाली."

मार्थाबाई मनापासून हसल्या. "बरं झालं, गुरुजी. आता फॉर्म भरा जन्मभर."

"भरीन. बसून भरीन. खुर्ची घेऊन भरीन!"

घरी नंदाबाई मशीनवर होती. नवऱ्याचा चेहरा पाहून तिनं पाय थांबवला. "झाली का पास?"

"झाली."

तिनं पदरानं डोळे पुसले, मंग संशयानं विचारलं, "किती खोटं बोललात?"

"एकबी न्हाई," गुरुजी खाली बसत म्हणाले. "येळच मिळाला न्हाई."