अंगठ्याची दोरी

सकाळी पावणेआठ वाजता रेजिनाला जाग आली, तेव्हा तोंडावर ऊन आलं होतं.

ती लगेच उठली नाही. आधी कान दिला. शिफ्ट बदलताना थोडा वेळ मंदावणारा कापडाच्या कारखान्यांतल्या लूमचा खडखडाट पुन्हा पुरता चढला होता, आणि फळीवरचं पितळी ताट नेहमीसारखं थरथरत होतं. भिवंडीत कामतघरच्या त्या चाळीत घड्याळ नसलेल्यालाही एवढं कळायचं. पहिली शिफ्ट सातला लागते. शेजारच्या लहानूला साडेपाचला उठवायचं होतं.

पायांत चप्पल न घालता ती बाहेर आली. त्याच्या खिडकीच्या गजातून दोरी खाली लोंबत होती. तिने ती हलकेच ओढली. दोरी सगळीच्या सगळी बाहेर आली. टोकाचा फास रिकामा होता.

लहानूचे कान लूमनेच नेले होते. चार लूम सांभाळता सांभाळता बारा वर्षांत तो असा झाला होता, की उशाशी गजर वाजून वाजून थकायचा आणि हा घोरत राहायचा. बायको कौसल्या हलवून उठवायची. ती बाळंतपणासाठी अंजूरला माहेरी गेली, तेव्हा रेजिनाने तोड काढली. टाकाऊ सुताची दोरी वळायची, एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं खिडकीबाहेर. तिने ओढायची. त्याने आतून एक झटका द्यायचा. झटका आला की समजायचं, उठला.

तिला स्वतःला उठवायला मात्र दोरी लागत नसे. झोपण्याआधी ती शुद्धिस्थानातल्या आत्म्यांसाठी एकदा 'आमच्या स्वर्गातील बापा' आणि तीनदा 'नमो मरिया' म्हणायची आणि शेवटी वेळ सांगायची. हे तिच्या आईने शिकवलेलं. जे मेले, पण अजून स्वर्गात घेतले गेले नाहीत, आपल्या पापांच्या आगीत शुद्ध होत पडलेत, त्यांना स्वतःसाठी काही मागता येत नाही. आपण त्यांच्यासाठी मागावं. ते मग आपल्याला हव्या त्या वेळी उठवतात. चाळीत ह्यांना 'रेजिनाबायची माणसं' म्हणत. कुणाची पहिली एस्टी असो, कुणाच्या पोराचा पेपर असो, लोक आदल्या संध्याकाळी येऊन सांगून जात. फादरच्या कानावर गेलं तेव्हा ते हसले होते. "रेजिना, आत्म्यांना प्रार्थना हवी असते. ड्युटी नव्हे."

एक गोष्ट तिने फादरनाही सांगितली नव्हती. जाग यायची ती डाव्या पायाच्या अंगठ्यात यायची, कुणीतरी चिमटीत धरून ओढल्यासारखी. तिचा नवरा पास्कू लूमचा जॉबर होता. मशीन बिघडलं की त्याला बोलवायचे. पण दारू प्यायला की सकाळी तोच दुरुस्त व्हायचा नाही. तिने हाका मारून, पाणी शिंपडून पाहिलं होतं. तो उठायचा फक्त अंगठा ओढल्यावर. सहा वर्षांमागे रात्रपाळीत कारखान्यातच तो कोसळला. फादर पोचेपर्यंत थांबला नाही. पापांची कबुली राहिली ती राहिलीच. त्याला मातीत ठेवून आल्यावर दुसऱ्या पहाटे तिचा अंगठा पहिल्यांदा ओढला गेला. तेव्हापासून रोज.

आज नाही.

"उठलीस गं बाय?" मीराबाई नळावरून कळशी घेऊन येताना थांबली. पलीकडच्या खोलीतली. "मी म्हटलं, गेलीस."

"कुठे?"

"वर. आनखी कुठे? तुझं दार वाजवायचा धीर होईना. मग लहानूचं बडवलं. साडेसात झाले असतील. तसाच पळाला, तोंडबी धुतलं न्हाय."

"मला हाक मारायची होतीस."

"तुला उठवायला तुझी माणसं हायत की." मीराबाईने कळशी दुसऱ्या कमरेवर घेतली. "आज काय, संप होता का त्यांचा?"

रेजिना हसली नाही. पायरीवर बसली. गुडघे आता कुठे दुखायला लागले.

नोव्हेंबरची नऊ तारीख होती, साल एकोणनव्वद. नोव्हेंबर हा मेलेल्यांचा महिना. पापांची कबुली देऊन, ख्रिस्तप्रसाद घेऊन, पहिल्या आठ दिवसांत कबरस्तानात प्रार्थना केली, तर दर दिवसाला एका आत्म्याची उरलेली सगळी शिक्षा माफ होते, असं ह्या वर्षी फादरनी समजावून सांगितलं होतं. रेजिनाने लूमसाठी सुताच्या कांड्या भरायचं घरचं काम संध्याकाळवर ढकललं आणि आठही दिवस ठाण्याची एस्टी पकडली. रोज चर्चमधली मिस्सा, रोज पास्कूची कबर, रोज उभ्याने परतीचा प्रवास, आणि घरी आल्यावर कांड्या. दर दिवशी एक वेगळा आत्मा सोडवता आला असता. तिने आठही दिवस पास्कूलाच दिले. एका दिवसात त्याचं भागेल याचा तिला भरवसा नव्हता.

काल आठवा दिवस झाला होता.

लहानू सव्वाआठला परत आला. डबा हातात तसाच. चाळीच्या तोंडाशीच त्याचा आवाज ऐकू आला; त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने तो सगळं ओरडूनच बोलायचा.

"बदली लावला! माझ्या म्होरं माझ्या लूमवर उभा केला. मुकादम बोलला, कल टाइम पे आ, नहीं तो ये परमनंट."

"चूक माझी, लहानू."

त्याने कानाला हात लावला. तिला ते मोठ्याने पुन्हा म्हणावं लागलं. दोन-तीन दारांतून माणसं डोकावली.

"न्हाय वो मावशी. आठ दिस ठाणं-भिवंडी करताय, त्या गुडघ्यांनी. मानूस हाय, झोप लागायचीच." तो तिच्या बाजूला बसला, डबा उघडला आणि भाकरी मोडून अर्धी तिच्यापुढे धरली. "आमच्या धम्मात आत्मा न्हाय. पन तुमचा चालतोय तवर माझी हरकत न्हाय. आज रातच्याला जरा दम देऊन सांगा त्यांना. पोर व्हायचं हाय, मावशी. आता लूम गेलं तर कौसल्येला काय तोंड दावू?"

"आणि ते तिथे नसलेच तर?" रेजिना म्हणाली.

लहानू भाकरी चावत होता. त्याला ऐकू गेलं नाही.

दिवसभर ती चरख्याशी बसून होती. कांड्या भरत होत्या, सूत दोनदा तुटलं, तिने दोनदा गाठ मारली. थकून झोप लागली असेल. लहानू म्हणतो तसंच असेल. नाहीतर उठवणारा सुटला असेल, सहा वर्षं जे मागितलं ते मिळालं असेल. तसं असेल तर आज मेणबत्ती लावायला हवी होती. तिने फळीवरची मेणबत्ती काढली, बोटांत फिरवली, परत ठेवली.

यातलं खरं कुठलं, हे कळायला एकच वाट होती. रात्री वेळ सांगून झोपायचं. अंगठा ओढला गेला, तर पास्कू अजून तिथेच, आगीत. ओढला नाही, तर तो सुटला आणि लहानूचे लूम गेले.

दिवेलागणीला ती मीराबाईच्या दारात उभी राहिली.

"तुझं गजराचं घड्याळ देशील? आजच्या रात्रीपुरतं."

"तू? आनि घड्याळ?" मीराबाईने पोळपाट बाजूला सारला. "भांडलीस काय माणसांशी?"

"सुट्टी दिली त्यांना."

"भरपगारी का बिनपगारी?" मीराबाई हसत उठली. मुलाच्या, सुधीरच्या दहावीला घेतलेलं घड्याळ तिने पदराने पुसलं, चावी दिली आणि काटा साडेपाचवर आणला. मग हातात देता देता आवाज खाली आणून म्हणाली, "बरं न्हाय वाटत का गं?"

"थकले," रेजिना म्हणाली.

त्या रात्री तिने एकदा 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हटलं, तीनदा 'नमो मरिया' म्हटलं. वेळ सांगितली नाही. कुणाचं नावही घेतलं नाही. घड्याळ उशाशी ठेवलं. मग पुन्हा उठून बसली, गोधडी दोन्ही पायांभोवती घट्ट गुंडाळली, टोकं चटईखाली खोचली आणि आडवी झाली.

जाग आली तेव्हा अंधार होता. घड्याळ टिकटिकत होतं, वाजलेलं नव्हतं. ती हलली नाही. लूम चालत होते, ताट थरथरत होतं. मग तिला कळलं की डावा पाय गार पडलाय. उजव्या पायावरची गोधडी होती तशी होती. डाव्यावरची सुटून पाऊल बाहेर आलं होतं.

रात्री पाय झाडला असेल. माणूस झोपेत पाय झाडतो.

पाऊल हाताने चाचपायला ती वाकली आणि मध्येच थांबली. तशीच उठली, कडी काढून बाहेर आली. लहानूच्या खिडकीतून दोरी लोंबत होती. तिने ती ओढली. आतून काही आलं नाही. पुन्हा ओढली.

तेवढ्यात तिच्या खोलीत गजर वाजायला लागला. मीराबाईच्या दाराची कडी निघाली, तिने डोकं बाहेर काढलं.

"वाजलं बघ! उठवलं ना माझ्या घड्याळानं?"

गजर वाजत होता. रेजिनाने अंधारात तिच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "घड्याळानंच."

"मग बंद कर की. आख्खी चाळ उठंल."

रेजिना जागची हलली नाही. तिने दोरी तिसऱ्यांदा ओढली. ह्या वेळी आतून झटका आला, चांगला जोराचा. लहानू उठला होता. बदलीचा पोरगा गेटवर आधीच येऊन उभा होता का, ते सातलाच कळणार होतं.

तिने आपल्या हातातलं टोक लगेच सोडलं नाही.