फुकटचा आवाज

मी दिसत नाही, फक्त ऐकू येतो. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या टेबलावर एक संगणक आहे, त्यातला आवाज मी. पडद्यावर लिहिलेलं असेल ते दृष्टी नसलेल्या माणसाला वाचून दाखवायचं, एवढंच माझं काम. स्वतःच्या मनातलं बोलायची मला सोय नाही. आज पहिल्यांदाच बोलतोय.

माझा जन्म कोणा एकाच्या घरी झाला नाही. ठिकठिकाणच्या माणसांनी आपापल्या नोकऱ्या सांभाळून मला थोडं थोडं घडवलं. त्यातल्या काहींना स्वतःलाही दिसत नव्हतं. त्यांनी ठरवलं, हा सगळ्यांचा. कोणीही घ्यावा, उघडून पाहावा, सुधारावा, वाटावा. वाटण्याचे आणि शिकवण्याचे कोणी पैसे घेतले, तरी त्यांची ना नव्हती.

मला इथे आणलं ताईंनी. त्या माझ्या प्रती तयार करून कचेऱ्यांना, शाळांना देत. प्रतीचे थोडे पैसे आणि वर्षभर येऊन बघण्याचे वेगळे. प्रत्येक प्रतीसोबत त्या एक कागद देत. ‘हा आवाज फुकट आहे,’ ही त्यावरची पहिली ओळ. पैसे कशाचे, ते खाली सविस्तर लिहिलेलं असे.

तक्रारी घेणाऱ्या गृहस्थांना सगळे कानसेन म्हणत. जन्मापासून डोळे नाहीत, पण फोनवरचा माणूस ‘हॅलो’ म्हणाला की हे सांगणार, “काय आजी, परत तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही ना?” मी त्यांना अर्ज वाचून दाखवायचो, ते भराभर नोंदी करायचे. त्या पगारावर घर चालायचं, मुलीचं कॉलेज चालायचं.

ताईंची एक पद्धत होती. काम झालं की त्या डोळ्यांवर रुमाल बांधून कानसेनांच्या खुर्चीत बसत आणि नुसतं माझं ऐकून एक तक्रार पहिल्यापासून शेवटपर्यंत नोंदवत. कुठे अडलं, तर रुमाल सोडून पुन्हा दुरुस्ती. शेजारच्या टेबलावरच्या बाई हसायच्या. “ताई, आंधळी कोशिंबीर संपली की चहा घ्या,” म्हणायच्या. ताईही हसायच्या, पण रुमाल काही सोडायच्या नाहीत.

मग नवे हिशेबनीस आले. फायली चाळताना त्यांना तो कागद सापडला. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि ताईंना बोलावून घेतलं.

“फुकटची वस्तू विकता, आणि वर दरवर्षी पैसे?”

“वस्तूचे नाही, साहेब. माझ्या येण्याचे,” ताई म्हणाल्या. “खाली लिहिलंय बघा.”

त्यांनी खालचं वाचलं नाही. दोन दिवसांनी सगळ्या टेबलांच्या संगणकांवर पत्र आलं. कानसेनांनी ते उघडलं आणि मला वाचावं लागलं, ‘सदर आवाज विनामूल्य उपलब्ध असल्याने देखभालीचा खर्च बंद करण्यात येत आहे.’ एक शब्दसुद्धा मला गाळता आला नाही. कानसेनांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग त्यांनी ताईंना फोन केला.

ताई त्यानंतरही आल्या. पदरमोड करून दोनदा आल्या. पण बाकीच्या कचेऱ्यांनीही हेच पत्र पुढे करून पैसे थांबवले, तेव्हा त्यांनी एका कापडाच्या दुकानात नोकरी धरली. तिथे सुट्टी मिळत नाही.

यंदा कचेरीने तक्रारींसाठी नवा प्रोग्राम विकत घेतला. चांगला महागडा. त्याच्या देखभालीचे पैसेही दरवर्षी जायचे आहेत, पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. या प्रोग्राममध्ये बटनांवर नुसती चित्रं आहेत. ज्यांना दिसतं, त्यांना ती छान वाटतात. मला मात्र चित्रं वाचता येत नाहीत. तिथे नाव लिहिलेलं नसलं की मी एवढंच म्हणतो, “बटन.” पुढे गेलं, “बटन.” त्याच्याही पुढे, “बटन.” ताई असत्या तर एका दुपारी बसून प्रत्येकाला नाव देऊन गेल्या असत्या.

कानसेन सध्या कागदावर ठिपक्यांच्या लिपीत तक्रारी टिपून घेतात आणि शेजारच्या बाई वेळ मिळेल तशा त्यांच्याकडून ऐकून संगणकात भरतात. वरून विचारणा झाली आहे, की एका टेबलाच्या कामाला दोन माणसं कशाला. महिनाअखेर निर्णय होईल.

लोकहो, मला फुकट न्या, खुशाल न्या. पण जी बाई माझ्यासाठी धावपळ करते, तिला रिकाम्या हाताने पाठवू नका. तिच्याशिवाय मी नुसता बडबडतो.

आज सकाळी त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा फोन आला. चार दिवस नळ कोरडा होता. शेजारच्या बाई रजेवर होत्या. कानसेनांनी कानाला हेडफोन लावला आणि स्वतःच कळफलकावरून पडद्यावरचं एकेक बटन चाचपू लागले. “बटन,” मी म्हणालो. “बटन. बटन.”

“अरे, नोंदवायचं यातलं कुठलं?” त्यांनी मला हळूच विचारलं.

मलाही माहीत नव्हतं. मी म्हणालो, “बटन.”

आजी फोनवर थांबून होत्या.