उरलेलं कापड

हिरव्या दोऱ्याचं रीळ. बर्फ खरवडायची पट्टी. बोटाएवढी कुपी. कापडी पिशवी, रिकामी. उणे ऐंशी अंश.

मित्रांनो, या सगळ्यांची गाठ माझ्यापाशी पडली. मी इस्पितळातला एक जुना फ्रीझर आहे. कारखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो, लोक मला पाहायला यायचे. आता बिजागरी करकरते आणि दुरुस्तीवाला मला ‘म्हातारबा’ म्हणतो. गार ठेवणं, याखेरीज मला काही येत नाही.

शेजारच्या खोलीत लस टोचतात. ही लस रोग होऊ नये म्हणून नाही, झालेल्या रोगाशी लढायला. मेंदूतली गाठ काढायची, तिच्यापासून त्याच माणसासाठी लस बनवायची. पुढची टोचणी येईपर्यंत कुप्या माझ्या पोटात.

एक शिंपीकाका यायचे, बरोबर काकू. काकांना सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा गाठीचा पत्ता लागला. मग काकू ओवून द्यायच्या.

डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, की ही सुरुवातीची चाचणी आहे. लस अपाय करत नाही ना, एवढंच सध्या बघायचंय. काकूंनी मान डोलावली. ऐकलं मात्र ‘लस’ एवढंच.

“म्हणजे माझ्याच कापडाचं ठिगळ मलाच,” काका सिस्टरला म्हणाले.

“हो, पण मापात बसेल का, ते कुणालाच माहीत नाही, काका.”

“ट्रायल म्हणायची. आमच्याकडेही असते.”

अपाय झाला नाही. गाठ मात्र पुन्हा वाढली. टोचणं थांबलं. काका गेले. कुप्या उरल्या.

मग काकू एकट्या आल्या, पिशवी घेऊन.

“आमचे हे उरलेलं कापड गिऱ्हाइकाला परत द्यायचे. चिंधीसुद्धा ठेवून घेतली नाही कधी. यांचं उरलंय ना तुमच्याकडे?”

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, की नियमात बसत नाही.

“मग दुसऱ्या कुणाला तरी टोचा.”

“दुसऱ्याला चालत नाही, काकू. ती त्यांच्याच मापाची होती.”

“मग गार कशाला ठेवलीय?”

अभ्यासासाठी, असं काहीसं उत्तर आलं. काकूंनी माझ्या दाराला तळवा लावला. बाहेरून मी कोमट असतो. आतली उष्णता बाहेर टाकावी लागते. त्या दचकल्या. मग दुसराही तळवा लावला. मला दार उघडता येत नाही, मित्रांनो. आतून तर नाहीच. मी नुसता घुमत राहिलो.

पिशवी घडी करून त्या गेल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्याचं दार कधी उघडलंत, तर गप्पा मारत उभे राहू नका. हवं ते घ्या आणि दार नीट लावा. आत कुणीतरी असतं.

तिसऱ्या टोचणीनंतर एकदा, शेजारच्या खोलीत बसून, काकांनी स्वतः सुईत हिरवा दोरा ओवला होता.