नावाची पट्टी

शेषेरावाच्या पदरात काय पडणार होतं ते आधी मांडून घेऊ. म्हणजे पुढं राग कुणाचा करायचा ते ठरवायला सोपं जाईल. लातूर उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा होणार, हे पक्कं झालं होतं. शेषेराव उस्मानाबादेच्या कचेरीत कारकून, घर मात्र लातुरात. जुन्या कचेरीतली माणसं दोन्हीकडं वाटायची होती, आणि लातूरची नावं साहेब निवडणार होते. निवड झाली तर घरची भाकरी, घरचं अंथरूण, वर पंख्याखालची खुर्ची. नाही झाली तर खोलीवरचा स्टोव्ह आणि शनिवारची एसटी, रिटायर होईस्तोवर. माणूस बेइमान व्हायला याहून कमी कारणं पुरतात.

त्याचा मित्र मन्मथअप्पा, त्याला यातलं काही नको होतं. तो लातूरच्याच पोस्टात टपाल निवडायचा. जिल्हा झाला काय, न झाला काय, पत्रं तीच आणि खणही तेच. त्याला फक्त भिंतीवर आपलं नाव हवं होतं. अशी माणसं फार स्वस्तात हाती लागतात.

मन्मथला लाकडात नक्षी कापायचा नाद होता. आधी हातकरवतीवर देवघराच्या जाळ्या, कंदिलाच्या बैठका, असं चालायचं. मग त्याला पायानं चालणारी करवत सुचली, आणि ती सुचली ती नेमकी बायकोच्या, जगदेवीच्या, शिलाई मशीनकडं बघताना. त्यावर ती गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या, पोरींचे परकर शिवायची. मन्मथनं मशीनचं डोकं उतरवून फडक्यात गुंडाळलं, ट्रंकेत ठेवलं आणि खालच्या लोखंडी स्टँडवर आपली करवत बसवली. पाय हलवला की बारीक पातं वरखाली नाचायचं. दिवाळीपर्यंत देतो म्हणाला. दिवाळीला संक्रांत म्हणाला. संक्रांतीला तिनं विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणजे तिची हरकत नाही, असं त्यानं धरून टाकलं. तोवर गल्लीतल्या बायका कोपऱ्यावरच्या रुद्राणीकडं मापं द्यायला लागल्या होत्या.

शेषेराव रविवारचा यायचा. आधी नुसता चहाला, मग शिकायला. मन्मथला शिकवायला फार आवडायचं, आणि ऐकणारा मिळत नव्हता. त्यानं काही हातचं राखलं नाही. नक्षीचा कागद पातळ खळीनं चिकटव, म्हणजे नंतर ओल्या फडक्यानं निघतो. पात्याचे दात खाली तोंड करून बसव, नाहीतर लाकूड उचलून हातावर येईल. पात्याला मेणबत्ती चोळ. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, पातं ढकलू नको.

"पात्याला जायचंय तिकडं ते जातंय," मन्मथ म्हणायचा. "तू लाकूड फिरव. घाई केलीस की मोडलं म्हणून समज."

मन्मथच्या मेव्हण्यानं नांदेडहून आणलेली पाती शेषेरावानं एकामागून एक मोडली. मन्मथ नुसता हसायचा.

नवशिक्या माणसाला पहिलं काय कापायला द्यायचं, तर त्याचं स्वतःचं नाव. सगळे तेच कापतात, कारण त्यात कंटाळा येत नाही. आणि आपल्या अक्षराला शिरोरेषा असते. अक्षरं तिला लोंबकळून एकमेकांना धरून राहतात, सुटी पडत नाहीत. एका फळीतून मन्मथनं सारख्या मापाच्या दोन पट्ट्या काढल्या. एक शेषेरावाच्या सरावाला, दुसरी खऱ्या कामाला.

खरं काम म्हणजे नव्या जिल्ह्याचा नकाशा. कल्पना शेषेरावाचीच. लातूरच्या नव्या कचेरीच्या उद्घाटनाला काहीतरी वेगळं हवं असं साहेब म्हणत होते, आणि शेषेरावानं तिथंच सांगून टाकलं होतं की आपल्याकडं माणूस आहे. निदान त्यानं मन्मथला तसं सांगितलं. हिमायतनगरकडचं सागवान मिळालं. पाच तालुके, पाच तुकडे, प्रत्येक सुटा निघणारा, चौकटीत पुन्हा बसणारा. नकाशाखाली एक खाच, त्यात कारागिराच्या नावाची पट्टी.

साल कोरडं होतं, आदल्यासारखंच. हापशावर घागरींची रांग हलायची नाही. कागद पुसायला मन्मथ वाटीभर पाणी मागायचा, तेव्हा जगदेवी वाटी अर्धीच भरून द्यायची.

तालुके बसवताना शेषेराव म्हणाला, सरस लावून पक्कं करू. मन्मथनं हात धरला.

"खुळा हायस का? लाकूड आत्ता वाळून आकसलंय. उद्या ओल आली की फुगंल, आन मग तुकडे एकमेकांना फोडतील. केसाएवढी फट ठेवायची. सरस न्हाई, खिळा न्हाई. नुसतं बसवायचं."

"नावाची पट्टी पण?"

"ती पण."

शेषेरावानं मान हलवली. त्यानं त्या वर्षात इतकं नीट दुसरं काहीच ऐकलं नव्हतं.

त्याची सरावाची पट्टी 'ष'पाशी अडली होती. त्याच्या पोटात सामत्यानं भोकं पाडून, पातं आत ओवून कापावं लागतं. तिथं त्याचं पातं मोडलं की मोडलं. शेवटी मन्मथनंच पट्टी हातात घेतली आणि तो 'ष' कापून दिला. मित्राचं नाव अर्धवट राहू नये म्हणून. पोटातलं वळण इतकं मऊ आलं की स्वतःच्या पट्टीतल्या 'न्म'पेक्षा त्याला तेच जास्त आवडलं.

नकाशा कचेरीच्या जीपमधून गेला. शेषेराव तो मांडीवर घेऊन बसला होता. मन्मथनं जगदेवीला सांगितलं, हा एकदा भिंतीला लागला की दुसऱ्या दिवशी तुझं स्टँड मोकळं. ती हापशाकडं निघाली होती, बरं, म्हणाली.

उद्घाटनाला मन्मथ अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा सदरा घालून गेला. मंडपात मागं उभा राहिला. बोलावल्यावर पुढं जाणं बरं दिसतं. पडदा ओढला. टाळ्या झाल्या. साहेबांनी लहान पोरासारखा उदगीर उचलला, परत बसवला, खूश झाले. मन्मथची नजर तालुक्यांवरून खाली उतरली.

पट्टीवर शेषेराव होता.

आधी त्याला वाटलं, घाईत पट्ट्यांची अदलाबदल झाली. असं होतं. एका मापाच्या होत्या. मग साहेबांनी विचारलं की हे कसं काय जमवलंत, आणि शेषेराव हात मागं बांधून, मान जरा कलती करून सांगू लागला.

"पातं ढकलायचं न्हाई साहेब. त्याला जायचंय तिकडं ते जातं. आपण लाकूड फिरवायचं."

मेणबत्ती सांगितली. केसाएवढी फट सांगितली. काहीच चुकलं नाही. शिकवणाऱ्याला आपला धडा इतका स्वच्छ परत ऐकायला क्वचितच मिळतो. मन्मथ त्या 'ष'कडं बघत होता. त्या पट्टीत बघण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते त्याचं होतं.

मग शेषेरावाला तो दिसला. घाबरेल, असं मन्मथला वाटलं होतं. शेषेरावानं त्याला हात धरून पुढं आणलं.

"हे आमचे मन्मथअप्पा, पोस्टात असतात. लाकूड धरू लागले मला."

साहेबांनी नमस्कार केला. मन्मथनंही केला. तोंडात शब्द होते, पण चारचौघांत मित्राला खोटं पाडायचं म्हणजे आधी तो आपला मित्र नव्हता हे कबूल करायचं. तेवढं त्याला उभ्या उभ्या जमलं नाही.

संध्याकाळी शेषेराव घरी आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली मन्मथची पट्टी त्यानं बाजेवर ठेवली. फेकली न्हाई बघ, म्हणाला, जशी काही ती जपल्याची पावती द्यायची होती. निवडीची यादी लागली होती, त्याचं नाव होतं. त्यानं समजावलं: अप्पा, तुझं पोस्ट कुठं पळत न्हाई, मला मात्र जन्मभर स्टोव्ह पेटवावा लागला असता, नाव काय, लाकडाचंच. शिवाय आता प्रत्येक तालुक्याच्या कचेरीला पाटी हवी आहे.

"तू काप. मी नेतो," शेषेराव म्हणाला.

आणि खरं सांगायचं तर मन्मथचा पाय हलला. चारचौघांत मुका झालेला माणूस घरी पायानं हो म्हणायला निघाला होता. पाच पाट्या, पाच तालुक्यांची अक्षरं, 'अहमदपूर'मधला तो 'ह' कसा घ्यायचा ते त्याच्या डोळ्यापुढं यायलाही लागलं होतं.

जगदेवी उंबऱ्यात घागर टेकवून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"कापा की," ती म्हणाली. "हातकरवतीनं कापा. स्टँड मी सोडवून ठेवलंय."

मन्मथनं मागं बघितलं. करवत भिंतीला टेकलेली होती, नटबोल्ट एका वाटीत. दुपारी त्याच्या नावाला टाळ्या पडायच्या होत्या, त्याच वेळी ती इथं बसून पाना फिरवत होती.

"मला विचारायचं तरी," मन्मथ म्हणाला. "शब्द दिला होता की मी. उद्याच देणार होतो."

"शेषेरावभावजींनी तुम्हाला विचारलं का?"

शेषेराव उठला. चहा नको म्हणाला. तसा कुणी विचारलाही नव्हता.

तो गेल्यावर दोघांनी मिळून ट्रंकेतून मशीनचं डोकं काढून स्टँडवर चढवलं. पण करवतीच्या धक्क्यांनी स्टँडचा एक पाय वाकला होता. मशीन डुगडुगत होतं. जगदेवीनं कागदाची घडी घालून बघितली, पुरेना. मन्मथनं बाजेवरची पट्टी उचलली. जाडी बरोबर होती. त्यानं ती पालथी करून पायाखाली सरकवली, आणि डुगडुग थांबली.

जगदेवी बसली. गिऱ्हाइकाचं काहीच नव्हतं, म्हणून उशीचा जुना अभ्रा घेतला आणि त्याच्या फाटक्या कडेला टीप घालायला लागली.

तर हिशोब असा: शेषेरावाला पंखा मिळाला, साहेबाला भिंत सजवून मिळाली, लातूरला पाच तालुके मिळाले. मन्मथचं नाव गेलं, पण ते त्यानं स्वतःच सैल बसवलेलं होतं. गल्लीतल्या बायका मात्र रुद्राणीकडंच राहिल्या. ती किंमत जगदेवीनं भरली, आणि तिला नाव कापायला पट्टीसुद्धा कुणी दिली नव्हती.