पाचवा शब्द

शुक्रवार, १८ एप्रिल २०२५. दुपारचा एक वाजून वीस मिनिटे. देगलूरच्या चर्चमध्ये एकाहत्तर माणसे बसली होती आणि सातांपैकी चार शब्द होऊन गेले होते.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन उपासना चालते. प्रभू क्रुसावरून सात वेळा बोलला. त्यातले एकेक वचन म्हणजे एक ‘शब्द’, आणि तो मंडळीतल्या एकेकाला वाटून दिलेला असतो. पाचवा अगदी लहान : “मला तहान लागली आहे.” कैक वर्षे तो सुकन्याबाईंकडे होता. मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या गेल्या. आज तो त्यांच्या नवऱ्याकडे होता. शांतवन उठून उभा राहिला. तो लहानपणापासून अडखळत बोले.

उदगीर रोडवर त्याचे मोटार वायंडिंगचे दुकान. जळकी तार काढावी, नवी भरावी. या कामाला जीभ लागत नाही. लागलीच तर ती सुकन्याबाईंची होती. त्याच्या तोंडून पहिले अक्षर निघाले, की उरलेले वाक्य त्या पुरे करीत. संसारात ते इतके अंगवळणी पडले होते, की आपले वाक्य अर्धेच असते हे तो विसरून गेला होता.

त्या गेल्यावर रडू आले नाही. काहीच आले नाही. सकाळी शटर वर, संध्याकाळी खाली; मधल्या वेळात बोटे आपले काम करीत. मोटारीला काय झाले, असे गिऱ्हाइकाने विचारले की तो पाटीवर लिहून दाखवी.

“मालकीन होत्या तवा दुकानाला तोंड होतं, मिस्त्री,” जुने गिऱ्हाईक भुजंग एकदा म्हणाला. “आता निस्ते हात राह्यलेत.”

भुजंग हसला. शांतवनही हसला. कुठे काही लागले नाही.

उत्तम शुक्रवाराआधीचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हा मंडळीचे पाळक दयानंद दुकानात आले. “भाऊ, पाचवा शब्द तुम्ही घ्या. त्याच्यावर बोलायचं ते मी बोलतो. तुम्ही निस्तं वचन म्हणा.”

“न-न-न्हाई.”

“का म्हून?”

“व-विश्वास क-कमी हाय माझा.”

हे वाक्य त्याचे नव्हते. तो बारा वर्षांचा असताना बाहेरगावच्या एका उपदेशकाने त्याच्या जिभेला तेल लावून प्रार्थना केली आणि भर सभेत ‘बोल’ म्हणून फर्मावले. तोंडून काही निघेना, तेव्हा उपदेशक म्हणाला, पोराचा विश्वास कमी पडला. मनात ते वाक्य तेवढे कधी अडखळले नाही.

“मोशे संदेष्टा जड जिभेचा होता,” दयानंद म्हणाले. “देवानं त्याला बरं केलं काय? तसाच धाडला की मिसरात.”

“संगं अ-अहरोन दिला हुता, बोलाया.” शांतवनने हातातली तार खाली ठेवली. “माझा अ-अहरोन गेला.”

पाळकांनी मोबाईल काढला. त्यांनी लातूरच्या वाचा-उपचार करणाऱ्या मंजुषा मॅडमचा नंबर दिला.

मॅडमनी त्याला आधी एकट्याला प्रभूची प्रार्थना म्हणायला लावली. पहिल्याच अक्षराला गाडी रुतली. मग त्या त्याच्याबरोबर म्हणू लागल्या आणि सबंध प्रार्थना सरळ गेली.

“काका, जीभ, गळा, सगळं ठणठणीत आहे. बोलायला केव्हा सुरुवात करायची, हा इशारा मेंदूत खोलवरून येतो. तुमचा तो वेळेवर येत नाही. सोबत दुसऱ्याचा आवाज असला, की इशारा बाहेरून मिळतो. यात तुमचा काही दोष नाही. घडणच तशी आहे.”

शांतवनने कागदावर मोटारीचे चित्र काढले. सिंगल फेज. तार शाबूत, करंट आहे. पण सुरुवातीचा धक्का देणारा कंडेन्सर गेला, की मोटार नुसती गुणगुणते. हाताने पंखा फिरवून दिला, की चालू होते.

“अस्संच,” मॅडम हसल्या. “फक्त हा पार्ट बाजारात मिळत नाही. गुणगुणताना तशीच दाबून चालू ठेवली तर?”

“ज-जळते.”

“मग जोर लावू नका. अडकलात तर अडकू द्या. श्वास सोडा, हलकेच निघा. रोज करा. मेंदू या वयातही पायवाट पाडतो. डांबरी रस्ता होईल, असं मी म्हणत नाही. आणि तुमचं वाक्य कुणाला पुरं करू देऊ नका.”

परतीच्या एसटीत त्याला एकच गोष्ट खुपत राहिली. दर रविवारी सामुदायिक प्रार्थनेत त्याची जीभ स्वच्छ चाले. ती तो देवाची कृपा समजत होता. तो तर शेजाऱ्यांचा आवाज निघाला. त्याने हे पाळकांना सांगितले. सांगायला बराच वेळ लागला.

“मंग सत्तर माणसं तुमच्यासंगं तोंड उघडतेत, ते कोण उघडवून राह्यलंय?” दयानंद म्हणाले. “आसं करू, पाचवा शब्द समदे मिळूनच म्हणू.”

तो मार्ग सोपा होता, आणि शास्त्राने सिद्ध झालेला होता. शांतवनने नकाराची मान हलवली. “सु-सुकन्या एकलीच म्हनायची.”

मग रोज दुपारी, उघड्या पडलेल्या मोटारींसमोर, तो ते चार शब्द म्हणू लागला. कधी निघत, कधी निघत नसत. ‘विश्वास कमी’ हे वाक्य मनात आले, की तो त्याच्याकडे नादुरुस्त मोटारीकडे बघावे तसा बघे आणि पुढचे काम घेई.

आता तो उभा होता.

“म-मला,” तो म्हणाला.

पुढे ‘त’. जीभ दातांमागे जाऊन बसली. बायकांच्या बाजूला शांतम्मा होती, सुकन्याबाईंची मैत्रीण. तिला कुणाचे हाल बघवत नसत. “तहा...” तिने सुरुवात करून दिली.

शांतवनने तळहात वर केला. ती गप्प झाली.

मानेच्या शिरा जुन्या सवयीने ताठू लागल्या. त्याने श्वास सोडून दिला आणि सगळ्यांदेखत तसाच अडकून राहिला. भीती आली नाही. दुःखही आले नाही. धक्का द्यायला आता कुणी यायचे नाही, एवढेच स्वच्छ कळले. आणि तरी त्याला उभे ठेवणारे काहीतरी होते.

“त-त-तहान.” पुन्हा थांबला. “लागली.” मग पुष्कळ वेळ काही नाही. “आ-आहे.”

तो खाली बसला. डोळे कोरडे होते.

चार शब्दांना एक मिनिट चाळीस सेकंद लागले.