प्लगवरची काजळी

गॅरेजवाल्यानं तिसऱ्यांदा माझ्या गाडीला तपासणीचं यंत्र जोडलं आणि यंत्रानं तिसऱ्यांदा तोच कोड दाखवला. मिसफायर. म्हणजे चार सिलिंडरांपैकी कुठेतरी पेट्रोल पेटायचं राहून जातं. नेमकं कुठे, असं विचारलं तर यंत्र हात वर करतं. आज यात, उद्या त्यात.

"काका, या गाडीनं माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्यात," तो म्हणाला. "प्लग बदलले, कॉइल बदलल्या, इंजेक्टर साफ केले. तरी महिन्याभरात दिवा परत लागतोच. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळत नाही."

"वीस वर्षांची गाडी आहे. माझंही या वयात काय काय चुकतं," मी म्हणालो.

तो हसला नाही. बॉनेटमध्ये डोकं घालून प्लग काढायला लागला. मी स्टुलावर बसून होतो आणि मनातून धास्तावलो होतो. गाडीचं काय बिघडलंय ते मला ठाऊक नव्हतं. पण हा आता गाडी कुठे कुठे नेता म्हणून विचारणार, याची भीती होती. कारण हा पोरगा माझ्या मुलीचा शाळेतला वर्गमित्र. दोघं अजून फोनवर बोलतात. माझी मुलगी तिकडे, विमानानं दीड दिवस लागावा इतक्या लांब, एका प्रयोगशाळेत काम करते. त्या जागेसाठी तिनं उमेदीची किती वर्षं घातली ते मी पाहिलंय. तिची आई गेल्यावर ती दर फोनला एकच धोशा लावायची: "बाबा, तुम्ही घरात एकटेच बसून असाल तर मी नोकरी सोडून येते." आणि ती बोलण्यापुरतं बोलणाऱ्यांतली नाही, आईवर गेलीय. उद्या बॅग भरून दारात उभी राहील.

मग एकदा असं झालं, की बॅटरी उतरू नये म्हणून मी खाली जाऊन गाडी चालू करून बसलो होतो, तेवढ्यात तिचा फोन आला. इकडे संध्याकाळ, तिकडे तिची कामाला निघायची वेळ.

"कसला आवाज येतोय? गाडीत आहात? कुठे निघालात?"

"मित्रमंडळीकडे, पत्ते खेळायला," माझ्या तोंडून निघून गेलं.

काय सांगू, तिचा आवाज एकदम हलका झाला. ती खळखळून हसली. हरू नका म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडलेला मला इतक्या लांबून ऐकू आला.

तेव्हापासून हा रोजचाच उद्योग. फोनची वेळ झाली की मी स्वच्छ शर्ट घालतो (तो कशाला, देव जाणे), खाली उतरतो, गाडी चालू करतो आणि जागच्या जागी स्टिअरिंग धरून थापा मारतो. कधी पत्ते, कधी नाटक, कधी कुणाच्या नातवाचा वाढदिवस. फोन संपला की किल्ली फिरवायची आणि जिना चढून वर यायचं. वर टीव्ही आहे. टीव्हीवरची माणसं फार भांडतात, म्हणून आवाज बंद ठेवतो.

"काका," गॅरेजवाल्यानं हाक मारली. त्याच्या हातात प्लग होता. नवाकोरा घातलेला, आता काळाकुट्ट. "ही काजळी बघा. गार इंजिन पेट्रोल जास्त पितं, ते धड जळत नाही आणि त्याची काजळी इथं बसते. गाडी रस्त्यावर पळून तापली की ती आपोआप जळून जाते. तुमची जळत नाहीये."

"बरं मग?"

"मघाशी किलोमीटरचा काटा पाहिला. मागच्या वेळी इथून नेलीत, त्यानंतर ही घरापर्यंत गेलीय आणि आज परत इथे आलीय. बस. गाडी चालू होते, पण जात कुठेच नाही." तो जरा घुटमळला. "उभ्या उभ्या चालू ठेवता का?"

मी उगाचच चढा आवाज लावला. "तुला गाडी दुरुस्त करायला सांगितलीय! माझी चौकशी करायला नाही!"

त्यानं प्लग घासूनपुसून परत बसवले. मलाच लाज वाटली.

"तिला सांगू नकोस," मी म्हणालो.

"मी गाड्या दुरुस्त करतो काका, चुगल्या नाही करत." त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. "इथून सरळ मोठ्या रस्त्याला लागा. तासभर कुठे थांबू नका. कुठंही जा, पण जा."

निघालो. पहिल्यांदा गाडीनं दोन-तीन आचके दिले. मग चौक ओलांडला, तिसरा गिअर टाकला, चौथा टाकला, आणि ती अशी सुरळीत पळायला लागली की मला तिचं कौतुक वाटलं. पण जायचं कुठे? पत्त्यांच्या मंडळीतला एक वारला. एक मुलाकडे राहायला गेला, तिकडे त्याला घरातलेच ओळखू येत नाहीत म्हणे. तिसऱ्याच्या घरावरून गेलो, तर खिडकीला परक्या माणसांचे पडदे. गावात माझं म्हणावं असं एकही दार उरलं नव्हतं. इतकी वर्षं एका जागी राहून माणूस असा उपरा कसा होतो, मला खरंच कळत नाही. भरल्या रस्त्यात मला रडू यायला लागलं आणि मी गाडी हाकत राहिलो.

फोन वाजला. बाजूच्या सीटवर होता, स्पीकर लावला.

"बाबा, कुठे निघालात आज?"

"पत्ते," मी घसा साफ करून म्हणालो. पुढे ट्रक होता. गिअर खाली घेतला, ट्रकला मागे टाकलं, पुन्हा वर घेतला.

पलीकडे ती गप्प.

"ऐकू येतंय ना गं?"

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आज खरंच कुठेतरी निघालात?"

मी गाडी कडेला घेतली.

"रोज एकाच सुरात आवाज येतो. ना गिअर, ना हॉर्न, ना ब्रेक. मला कळत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"घरात असलात की 'बरा आहे, ठेवतो' म्हणून फोन ठेवून द्यायचात. गाडीत बसलात की किती बोलायचात! गप्पा खोट्या असल्या म्हणून काय झालं? तुमचा आवाज तरी ऐकायला मिळायचा."

मी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. बाजूनं गाड्या जात होत्या.

"बाबा, येऊ का मी?"

नको म्हणायची मला इतकी सवय झालेली, की शब्द ओठांवर तयारच होता. तुझं काम बघ, मी मजेत आहे, मंडळी वाट बघतायत. सगळं पाठ होतं. तोंड उघडलं, आणि त्यातलं एकही बाहेर येईना.

"ये," मी म्हणालो. "थोडे दिवस तरी ये."