ऐंशी नंबरची लाइन

बायको वारली तो दिवस प्लंबरला नीट आठवत नव्हता. घर माणसांनी भरलं होतं आणि सगळीकडे कळवाकळवी दुसऱ्यांनीच केली. पण ती नाही हे स्वतःच्या तोंडानं पहिल्यांदा सांगावं लागलं, तो दिवस मात्र पक्का लक्षात राहिला.

सकाळी फोन वाजला. पलीकडे एक अनोळखी बाई होती.

"ताई आहेत का? त्या कपड्यांच्या साइटवाल्या?"

"काय काम होतं?"

"माझ्या वडिलांना रविवारी दवाखान्यातून घरी सोडतायत. एक बाजू लुळी पडलीय. शेजारणीकडे ताईंच्या साइटवरून काढलेला कागद आहे, पाठीकडून उघडणाऱ्या सदऱ्याच्या बेताचा. हा नंबर त्यावरच मिळाला. मला बाहीचा कागदही हवाय, पण साइट उघडायला गेले तर मोबाइल म्हणतो, ही जागा सुरक्षित नाही, तुमची माहिती चोरली जाईल. म्हटलं, आधी ताईंनाच विचारावं."

"ताई नाहीत."

"कधी येतील?"

त्यानं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. "येणार नाहीत. वारल्या त्या."

बाई हळूच म्हणाली, "माफ करा हं. साइटवर तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. असू दे, मी दुसरीकडे बघते."

"दुसरीकडे नका बघू," तो म्हणाला. "रविवारच्या आत उघडेल."

प्लंबरनं 'उद्या येतो' म्हटलं की त्याचा अर्थ काय, हे सगळ्या जगाला ठाऊक असतं. पण हा तसला प्लंबर नव्हता. बोलून गेला खरा, मात्र साइट म्हणजे काय हेच त्याला धड कळत नव्हतं.

त्याची आई अंथरुणाला खिळली तेव्हा बायकोनं तिच्यासाठी पहिला सदरा बेतला. आजारी माणसाला कुशीवर न वळवता घालता येईल असा. मग कुणी मागितला, तिनं कागदावर काढून दिला. आणखी कुणी मागितला, तेव्हा ती कॉम्प्युटर शिकली. शिलाई मशीनच्या टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर ठेवून तिनं साइट थाटली. कॉम्प्युटरच्या डब्याच्या पंख्यात कापडाची लव अडकायची. ती रंगाच्या ब्रशनं साफ करायचं काम नवऱ्याकडे. बायको गेल्यावरही तो ते करत होता. साइट मात्र त्यानं एकदाही उघडून बघितली नव्हती. तिथे तिचा फोटो होता.

त्यानं बोलावलं म्हणून दुपारी मेहुणी आली. ती वाचनालयातले कॉम्प्युटर सांभाळायची आणि जिभेला तिच्या धार होती.

"भाऊजी, लव काढताय, ते ठीक. आत काय जळतंय ते कधी बघितलं?"

"मला काय त्यातलं कळतं?"

"कळेल. बसा. मी सांगते, तुम्ही टाइप करा. पुन्हा बिघडलं तर मी काय दर वेळी धावत येऊ?"

स्टुलावर बसून तो एका बोटानं टाइप करू लागला. मेहुणीनं समजावलं, की साइटला एक प्रमाणपत्र लागतं. ते असलं की पत्त्याशेजारी कुलूप दिसतं आणि माणसं बिनघोर आत येतात. ते फुकट मिळतं, पण थोड्या महिन्यांपुरतंच. म्हणून ताईनं एक प्रोग्रॅम लावून ठेवला होता, मुदत संपायच्या आत आपोआप नवीन आणणारा.

"मग आणलं का नाही?"

"तेच बघायचंय. ते प्रमाणपत्र देणारे आधी खात्री करतात, की साइट खरंच तुमचीच. म्हणतात, अमुक चिठ्ठी तुमच्या घरात ठेवा. मग येतात आणि चिठ्ठी आहे का बघतात. आधी नुसती चाचणी करू. खरंखुरं लागोपाठ मागत बसलं आणि फसत गेलं, तर ते काही वेळ उभंच करत नाहीत."

"भिंत बुजवायच्या आधी पाइपात पाण्याचं प्रेशर लावून बघतो, तसं."

"अगदी तसं. लावा प्रेशर."

त्यानं बटण दाबलं. बराच वेळ काही नाही, मग लाल ओळी आल्या. मेहुणीनं वाचल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ते आले होते, पण दारातून आत येता आलं नाही. ऐंशी नंबरच्या दारानं येतात ते. भाऊजी, राउटरवर काही छेडछाड केलीत?"

"छे! नवीन राउटर बसवला तेव्हा बसवणाऱ्या माणसानं मला त्याच्या सेटिंगचं पान दाखवलं. बाहेरून आत येणाऱ्या दोन लाइनी होत्या. मी विचारलं, साइट कुठल्या लाइनवर चालते? तो म्हणाला, चारशे त्रेचाळीसवर. मग ऐंशी नंबरची नुसती उघडी पडलेली. वापरात नसलेल्या लाइनला डमी मारायची, म्हणजे बूच लावायचं, नाहीतर कधीतरी घरात पाणी होतं. मी मारली."

"डमी."

"मग मोबाइलवर त्याच्याकडूनच साइट उघडून घेतली. चालू आहे म्हणाला! म्हटलं, काम चोख झालं."

मेहुणी हसायला लागली. ताई गेल्यापासून या घरात कुणी एवढं मोठ्यानं हसलं नव्हतं. "धन्य आहे! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. प्रमाणपत्रवाले त्याच लाइननं येतात हो! जुन्याची मुदत होती तोवर साइट चालली, संपली तशी बसली."

तोही हसला, ओशाळून. मग मेहुणीनं त्याला प्रोग्रॅमची जुनी नोंद उघडायला लावली. स्क्रीनवर ओळीखाली ओळ उतरली. मुदत जवळ आल्यापासून ताईचा प्रोग्रॅम रोज दोनदा नवीन प्रमाणपत्र मागत होता आणि रोज दोनदा फसत होता. आज सकाळीही त्यानं मागितलं होतं.

"मागायचं एकदाही सोडलं नाही," तो म्हणाला.

"लावलाय कुणी?" मेहुणी म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं.

त्यानं राउटरचं पान उघडलं आणि ऐंशी नंबरची डमी स्वतःच्या हातानं काढली. चाचणी लावली. हिरवी ओळ आली. मग खरंखुरं मागितलं आणि तेही आलं. मेहुणीनं मोबाइलवर साइट उघडून त्याच्यापुढे धरली. पत्त्याशेजारी कुलूप होतं, आणि खाली, टेप गळ्यात अडकवलेली बायको. या वेळी त्यानं नजर वळवली नाही.

रविवार दूरच, अजून शनिवारही उजाडायचा होता. त्यानं त्या बाईला फोन लावला. तिनं साइट उघडली, बाहीचा कागद काढला आणि लगेच अडली. "काका, इथे बांधायचे बंद काखेच्या वर आहेत की खाली?"

त्यानं जन्मात सुईत दोरा ओवला नव्हता. "थांबा," म्हणाला आणि कपाटातून आईचा सदरा काढून टेबलावर पसरला. "वर. काखेच्या चार बोटं वर. खाली घेतले तर अंगाखाली टोचतात. माझ्या आईला टोचले होते."

"बरं झालं विचारलं. साइटवर ताईंनी लिहिलंयच ना, 'अडलं तर फोन करा, मी घरीच असते.'"

"हो," तो म्हणाला. "करत जा."

मेहुणी निघताना दारात थांबली. "भाऊजी, ती 'मी घरीच असते'वाली ओळ बदलायला हवी."

"हवी."

आता फोन येतात. जमेल तेवढं तो सांगतो, अडलं तर मेहुणीला विचारतो, आणि ऐंशी नंबरच्या लाइनला हात लावत नाही. प्रमाणपत्र एकदा आपोआप नवीन झालंही. साइटवर ती ओळ अजून तशीच आहे, आणि बायको वारली हे तिथे लिहायचं राहिलंय.